पोयांचे ताकितो

"तिका सांग, पंखो बंद कर म्हण."

माझ्या नवऱ्याने हे मला सांगितलं, तेव्हा 'ती', म्हणजे आमची मुलगी, त्याच खोलीत ह्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर बसली होती. पंख्याचं बटण तिच्या डोक्यामागेच होतं. तिने ऐकलं, पण ती हलली नाही, कारण निरोप अजून माझ्याकडून निघाला नव्हता. मी पिठाने भरलेले हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हटलं, "बाबा म्हणतत, पंखो बंद कर." तेव्हा तिने तो बंद केला आणि मला म्हणाली, "तेंका सांग, केलो म्हण."

आमच्या घरात हे असं दोन वर्षं चाललं होतं. पाहुण्यांसमोर, जेवताना, तिला ताप आला तेव्हा, गणपतीच्या आरतीत कापूर हवा होता तेव्हासुद्धा. देवासमोर उभं राहून ह्यांनी मला सांगितलं, "तिका सांग, कापूर दी म्हण." आणि मी टाळ खाली ठेवून ते सांगितलं. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की हसू येतं. मलाही सुरुवातीला यायचं.

कारण काय, तर मुलीची नोकरी. ती बी.कॉम. झाली. ह्यांच्या मनात होतं, तिने परीक्षा द्याव्यात आणि सरकारी खात्यात चिकटावं. हे स्वतः पाणी खात्यात होते. घरोघरचे मीटर बघता बघता पेडण्यातल्या निम्म्या गावांतली माणसं आणि सगळी कुत्री ह्यांच्या ओळखीची झाली. निवृत्त झाल्यावर आपली खुर्ची नाही तरी निदान आपली सही लेकीकडे जाईल अशी ह्यांची समजूत. लेक गेली केरीला. किनाऱ्यावरच्या एका कॅफेत हिशेब बघायला म्हणून गेली आणि महिन्याभरात गल्ल्यावरून उठून आत चुलीपाशी जाऊन उभी राहिली. तिथेच रमली. हिशेबापेक्षा ते बरं, म्हणाली.

"माझां चेडू लोकांक रांधून घालता?" हे म्हणाले. आमच्याकडे लग्नाकार्याला रांधपी बोलावतात. तो मागच्या दाराने येतो, मागच्या दाराने जातो, आणि फोटो काढताना त्याला कुणी हाक मारत नाही. ह्यांच्या डोळ्यांपुढे तेच आलं असणार. त्यावर ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. बापाला कुणी असं बोलू नये, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. त्या दिवसापासून ती 'ती' झाली आणि हे 'ते' झाले. कुणी विचारलं तर हे सांगायचे, हॉटेल लायनीत आहे, ऑफिसात बसते.

हंगामात ती केरीलाच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. मी निरोप पोचवत राहिले. होईल सगळं सुरळीत, म्हणत राहिले. मग या मे महिन्यात तिला बोटीवरची नोकरी मिळाली. प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर, तिथल्या स्वयंपाकघरात. आठ-नऊ महिने तरी घर नाही. सोमवारी संध्याकाळी मोपाहून विमान. त्या विमानतळाची घरघर आमच्या मागच्या अंगणात ऐकू येते. मी भांडी घासता घासता वर बघायची आणि मनात म्हणायची, यातल्याच एकात बसून ही जाणार, आणि जाताना बापाला 'येतंय' म्हणायचं ते मला सांगणार, मी ते ह्यांना सांगणार, आणि हे मान हलवणार. मला दुसरं काही नको होतं. जाण्याआधी ह्या दोघांनी एकदा तोंडासमोर तोंड करून बोलावं, एवढंच हवं होतं. समुद्रात माणसाचं काय सांगता येतं? माझ्याच्याने ते मनातसुद्धा पुरतं म्हणवत नसे.

तर तो शेवटचा रविवार. सोमवारी आमच्याकडे कोंबडी शिजत नाही, त्यामुळे जे काय खाऊपिऊ घालायचं ते रविवारीच. मी वडे आणि शागोतीचा, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याचा, बेत मनात पक्का केला होता. मसाल्याचं खोबरं शनिवारी भाजून ठेवायचं, वड्यांचं पीठ रात्री भिजवायचं, सगळं डोक्यात मांडून झालं होतं. गुरुवारी चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, "आयतवारी रांधप मी करतलंय."

हे चहा करू शकतात. म्हणजे दूध, साखर, पावडर आणि मी जवळ असले तर करू शकतात.

"काय करतलास?" मी विचारलं.

"ताकितो."

मग माझ्या लक्षात आलं. मुलीने फोनवर मला सांगितलं होतं की तिच्या हातचे ताकितो खायला लांबलांबून लोक येतात. ताकितो म्हणजे मेक्सिकोकडचा प्रकार. पातळ चपातीसारख्या पोळीत कोंबडीचं सारण भरून, घट्ट गुंडाळून, कुरकुरीत तळायचं. फोन स्पीकरवर होता, आणि ती हे सांगत होती तेव्हा हे वर्तमानपत्राआड बसले होते आणि बराच वेळ पान उलटत नव्हते. मला वाटलं होतं, डुलकी लागली. डुलकी कसली, कान टवकारून बसले होते.

मग मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, अर्धा तास. त्यानंतर ह्यांनी मला फोनवरचा व्हिडिओ दाखवला आणि माझी खात्री पटली की या घरात सरळ मार्गाने काही होणं नाही.

व्हिडिओत एक मेक्सिकन बाई होती. चांगली गोल चेहऱ्याची, हसरी, आपल्या बाजारात बसली तर मासळी विकेल अशी. ती तिच्या भाषेत भराभरा बोलत होती आणि खाली एक अक्षरही लिहून येत नव्हतं. मी म्हटलं, हिंदीतले शेकडो सापडतील, मराठीतलेही असतील, ते बघा. नाही. ह्यांना अस्सल हवं होतं. आणि ह्यांना ती भाषा कळत होती, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांचे वडील पोर्तुगीज अमलात दोन इयत्ता शिकले होते. त्या दोन इयत्तांच्या जोरावर हे त्या भाषेचे वारसदार. खिडकीला जनेल, टेबलाला मेज, चमच्याला कुलेर हे शब्द आमच्या घरात सगळेच वापरतात, पण ह्यांचा आव असा की ते ह्यांच्याच वडिलांनी पेडण्यात आणले.

"ही भास आनी पोर्तुगेज एकच," हे म्हणाले. "उलयतत मात्शी वाकडी, इतक्याच. आयक, काय म्हणता ती." फोन माझ्या कानाला लावला. बाई म्हणत होती, "ताकितोस दे पोयो."

"आयकलंस? 'दे' म्हणजे 'चे'. पोयांचे ताकितो."

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोय म्हणजे आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून आणतो तो कोंडा लावलेला गोल, पोकळ पाव. एक असली तर पोय, अनेक असल्या तर पोयो. तेव्हा ह्यांचं बरोबरच होतं, जर ती बाई पेडण्याची असती तर.

"पण हिच्या हातात पाव खंय आसा?" मी म्हटलं. "ही तर चपातीसारखी पातळ दिसता."

"थंयचे पोदेर पातळ करतत. आमी लाटतले."

"आनी ती कोंबडीकच पोयो म्हणत आसली तर?"

मला ही शंका आली होती, हे मी इथे स्पष्ट नोंदवून ठेवते. ह्यांनी माझ्याकडे मीटर बंद पडलेल्या घराकडे बघावं तसं बघितलं. "कोंबडीक पोर्तुगेज भाशेत गालिन्य म्हणतत. माझो बापूस म्हणायचो. ही एकदा तरी गालिन्य म्हणाली? मगे?"

माझे वडील डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे. ते कोंबडीला कोंबडी म्हणायचे.

शुक्रवारी हे म्हापशाच्या बाजारात गेले. मी सांगितलं होतं की शहरात काय मिळेल ते आणा, त्या तयार पोळ्या पाकिटातून मिळतात म्हणे. हे परत आले ते चीज, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, एक बाटली भरून तिखट मिरच्या आणि एक पालेभाजी घेऊन. पालेभाजी दिसायला कोबीसारखी आणि चवीला पाण्यासारखी होती. पोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "पोदेर दारार येता, म्हापशाक कित्याक?"

रविवारी सकाळी पोदेराचा भोंगा वाजला तसे हे लुंगी सावरत धावले आणि टोपलीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पोयो घेऊन आले. पोदेराने विचारलंही, घरात कार्य आहे का. हे म्हणाले, "व्हय, चेडू येता." मी दारातून ऐकलं. ते वाक्य ऐकून मी मनातल्या मनात ह्यांचे बरेच गुन्हे माफ केले. पण ती माफी दुपारपर्यंत टिकली नाही.

आधी कोंबडी. ती ह्यांनी नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडली, कारण बाईने तसं केलं. हे आंघोळीला गेले तेव्हा मी त्यात माझा शागोतीचा मसाला परतून घातला, दोन आमसुलं टाकली आणि झाकण ठेवलं. हे बाहेर आले, चव घेतली आणि म्हणाले, "बघ, नुसत्या मिठातसुदां कसो सवाद येता." मी मसाल्याचा डबा मागे सरकवला. त्या दिवशी किती वेळा मी काही बोलले नाही, याची माझी मलाच कमाल वाटते.

मग पोयो. सुरीने कापून एकीच्या दोन चकत्या केल्या. चकतीवर लाटणं फिरवलं. लाटणं पुढे गेलं की चकती मागे फुगून वर. हे जोर लावायचे, ती आडवी व्हायची, हात काढला की परत उठायची. मग त्यात सारण घालून गुंडाळायला गेले, तर तिचे मधोमध दोन तुकडे. दुसरीचे तीन. ह्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. बाई हसत हसत गुंडाळत होती.

"हिच्या पोयो ताज्यो आसात," हे म्हणाले.

"तुमच्योय आजच्योच आसत."

"मगे तू मधें उलय नाका."

मग चकत्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. त्या मऊ झाल्या, म्हणजे लापशीच्या अलीकडे येऊन थांबल्या. आता गुंडाळल्या की तुटत नव्हत्या, पण उलगडत होत्या. बाईने काड्या टोचल्या होत्या. आमच्याकडे तशा काड्या नव्हत्या. हे मागच्या पडवीत गेले आणि माझी नवी केरसुणी घेऊन आले. माडाच्या हिरांची, अजून अंगणाला न लागलेली. हिरांचे तुकडे करकर मोडले आणि एकेका गुंडाळीला तीन-तीन टोचले. ताटात ती सगळी मांडली तेव्हा साळिंदराची पिल्लं झोपवल्यासारखी दिसत होती. स्वयंपाकघरभर कोंडा. माझ्या केसांत कोंडा. ह्यांच्या चष्म्यावर चीज. मी दारात उभी राहून मनातल्या मनात घोकत होते की हे सगळं कशासाठी चाललंय ते विसरायचं नाही. लेक येईल, बघेल, बापाने आपल्यासाठी खटपट केली म्हणेल. बस्स. मग केरसुणीची काय किंमत?

कायलीत, म्हणजे कढईत, तेल तापलं. ओल्या पोयो त्यात पडल्या आणि कायलीतून असे शिंतोडे उडाले की हे झारा पुढे धरून दारापर्यंत मागे आले. तिथूनच हात लांब करून उलटायचा प्रयत्न चालू. पहिली गुंडाळी सुटली, कोंबडी तेलात पोहायला लागली, आणि हीर तेवढा ताठ उभा. दुसरी बाहेरून कोळसा, आत ओली. चीज वितळून तळाशी चिकटलं आणि त्याचा वास सुटला. भिंतीवर तेल, शेगडीवर तेल, माझ्या देव्हाऱ्यातल्या दिव्यात आहे त्याहून जास्त तेल जमिनीवर.

आणि नेमकी तेव्हाच मागच्या दाराने मुलगी आत आली. स्कूटरचा आवाज तेलाच्या आवाजात मला ऐकूच आला नव्हता. हेल्मेट हातात. तिने कायलीत बघितलं, ताटात बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं नाही.

"आई, हां काय?"

"तिका सांग, ताकितो म्हण," हे म्हणाले. गळ्यात टॉवेल, कपाळावर घाम, पण आवाजात काय रुबाब.

"ताकितो," मी म्हटलं. आणि तिच्याकडे डोळे मोठे करून बघत राहिले. हसू नको. काहीही कर, पण हसू नको.

"पोयांचे?"

"ते म्हणतत, ती बाई पोयो म्हणता."

तिने हेल्मेट ओट्यावर ठेवलं. ओठ घट्ट आवळले. मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. "आई," ती म्हणाली, "पोयो म्हणजे कोंबडी," आणि एवढं म्हणून तिला जे हसू फुटलं ते थांबेना. भिंतीला टेकून ती खाली घसरत गेली आणि कोंड्यात बसून, पोट धरून हसत राहिली. माझंही हसू नाकापर्यंत आलं होतं. मी पदर तोंडात धरला. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. लहानपणी हे तिला खांद्यावर घेऊन ओढ्यातून पलीकडे न्यायचे तेव्हा ती अशीच हसायची. पण ज्याला हसतात त्याला हे कळत नाही.

ह्यांनी झारा खाली ठेवला. हात टॉवेलला पुसले, सावकाश, एकेक बोट. आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन विहिरीत बघत उभे राहिले. मे महिन्यात आमच्या विहिरीत बघण्यासारखं काहीही नसतं.

मुलीचं हसू विझलं. ती उठली, कपडे झटकले. "आई, तेंका सांग, माका तसां हसूचा नव्हता."

तिने ते हळू म्हटलं होतं, पण दार उघडं होतं. बाहेरून उत्तर आलं. "तिका सांग, हासान झाला आसात तर खंयच्या हाटेलात जावन जेव म्हण."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी शेगडीचं बटण फाटदिशी बंद केलं.

"पुरे झाला!" मी ओरडले. "तोंड माझां काय पोस्टाची पेटी? दोन वर्सां मी धावतंय, ह्या कानातला काढून त्या कानात घालतंय. फाल्यां हां चेडू जातला. थंय बोटीर काय झाला तर मी कोणाक सांगू आनी कोणाचा सांगू? रांधा नाय तर उपाशी रवा. आजपासून मी कोणाचो निरोप घेवची नाय आनी देवचीय नाय!"

विहिरीपाशी हे वळले. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मी दोघांनाही तिथेच सोडून पुढच्या सोप्यावर आले आणि खुर्चीत बसले. राग ओसरायला लागला तशी भीती वाटायला लागली. आता ती बॅग उचलून मैत्रिणीकडे जाईल आणि उद्या तिथूनच परस्पर विमानतळावर. हे काही अडवायचे नाहीत. आणि त्यांच्यामधला एकुलता एक धागा मीच तोडून टाकला, असं मला वाटत होतं. रस्त्यावरून शेजारीण चालली होती. कुंपणापाशी थांबून म्हणाली, "जेवण झालां?" आमच्याकडे असं विचारायची रीत आहे, उत्तराची कुणाला गरज नसते. मी "जातला!", म्हणजे होईल, अशी खेकसले की ती बिचारी पुढे बघून चालायलाच लागली.

स्वयंपाकघराचं जनेल सोप्याच्या बाजूला उघडतं. मी मुद्दाम त्याच्याखाली बसले नव्हते, पण उठून दुसरीकडेही गेले नाही. पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग परातीचा. म्हणजे ती गेली नव्हती. कणीक मळत होती. ती माझ्यासारखी हळूहळू मळत नाही, धपाधपा आपटते. मग लाटणं. मग तवा. मग शेगडी पेटली.

बराच वेळ फक्त लाटण्याचा आवाज. मग पायऱ्यांवर ह्यांच्या चपलेचा. चप्पल दारापर्यंत आली आणि थांबली.

"जोड खाली करून सोडूक होयो," मुलगी म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळायला मार्ग नव्हता, भिंतीलाही असेल. "नाय तर सुटता. हीर नको, काय नको."

चप्पल दारातच घुटमळली.

"एकाच हातान गुंडाळतलंय काय तळतलंय," ती पुन्हा म्हणाली. यावेळी वैतागून. "आईय गेली."

मी खुर्ची घट्ट धरून बसले. उठून आत जावं, एक शब्द इकडून तिकडे द्यावा, असा हात शिवशिवत होता. गेले नाही.

मग ती म्हणाली, "बाबा, झारो घ्या."

मग ह्यांचा आवाज आला. दोन वर्षांनी लेकीला उद्देशून काढलेला पहिला शब्द.

"खंयचो?"

"तुमच्या फुड्यात आसा तोच."

माणसाने एवढ्या काळानंतर काही बरं बोलावं की नाही? पण असो. चालू झालं ते थांबलं नाही. गॅस बारीक करू? नको, मोठाच असू दे, आधी तेल तापू दे. कणकेचा एक तुकडा टाकून बघा, वर येतो का. आला. आता एकेक सोडा, गर्दी करू नका. ती हुकूम सोडत होती आणि हे पाळत होते. माझं एक कधी ऐकलं नाही या माणसाने! चपात्या तिने अर्धकच्च्याच भाजल्या होत्या, म्हणजे गुंडाळताना मोडत नाहीत. हे तिने ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी "हां" म्हटलं. कोंबडीची चव घेऊन ती म्हणाली, "हो मसालो आईचो." ह्यांनी "नाय, नुसतां मीठ" म्हटलं. मला वाटतं ती हसली, पण यावेळी तोंड मिटून.

तेल चुरचुरत होतं. नीट, एका लयीत, न उडता.

"केरीक तू दिसभर हांच करतंस?" ह्यांनी विचारलं.

"हांच नाय. पुष्कळ आसता."

"आनी ह्या बोटीर?"

"थंय तर विचारूच नका. सकाळ ना, रात ना. एक पंगत उठली की दुसरी."

"आनी तुका?"

"माका काय?"

"थंय तुका कोण वाडता?"

"माका?" ती म्हणाली. तिला प्रश्न कळलाच नसावा. "माका कोण वाडतलो, बाबा? रांधप्यांक कोण वाडणा नाय. मेळात तेव्हा उब्यान खातंय."

"उब्यान?"

"उब्यान."

"केरीकय?"

"व्हय."

मी बाहेर बसून वाट बघत होते. स्टूल जमिनीवर ओढल्याचा आवाज आला.

"बस," हे म्हणाले.

"अजून हे इतके तळूचे आसत."

"मी तळतंय. तू बस. मी वाडतंय तुका."

मला रडू आलं. आणि त्याच वेळी ह्यांचा इतका राग आला की काय सांगू. एवढं एक विचारायला दोन वर्षं? दोन वर्षं हा प्रश्न पोटात घेऊन फिरले की आत्ता कायलीपाशी सुचला? तिला तेव्हाच विचारलं असतं तर मी दोन वर्षं पंख्याची बटणं आणि कापूर इकडून तिकडे नेत बसले असते का? आणि आता विचारलं, तर उद्या संध्याकाळी ती जायची. मी पदराने डोळे पुसले आणि आत गेले.

मुलगी मेजाशी बसून खात होती. डोळे लाल. "मिरच्यो तिखट आसत," ती मला म्हणाली, मी काही विचारलं नसताना. बाटली अजून उघडलेलीही नव्हती. हे शेगडीपाशी उभे होते, झारा हातात. ताकितो जरा जास्तच लाल झाले होते, पण आकार धरून होते. ह्यांनी एक निथळून तिच्या ताटात ठेवला, तिने "पुरे" म्हटलं, ह्यांनी आणखी एक ठेवला. ती चावली की कुरकुर आवाज येत होता. ह्यांचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे होतं.

मी तिथेच उभी राहून बघत होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ह्यांना वाढते, मग मुलीला, आणि मग ओट्याशीच ताट ठेवून काय असेल ते खाते. घाई असली तर उभ्यानेच. मला कोण वाढतं हे कुणी विचारलं नाही. खरं तर मलाही ते आजवर सुचलं नव्हतं. पण आता सुचलं होतं.

मी फळीवरून ताट काढलं, धुतलं, आणि मुलीच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसले.

हे झारा घेऊन वळले. "तू?"

"मी," मी म्हटलं. "वाडा."